ॲपर्चर किती ठेवायचं? आधी अंतर बघा

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; त्याचं माप एफच्या आकड्यात सांगतात. एफच्या पुढचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीत लिहिलेली) भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमी लेन्सचं छिद्र एफ २ वर २५ मिमी असतं, एफ ८ वर जेमतेम ६. आकडा लहान, छिद्र मोठं. मोठ्या छिद्रातून येणारे किरण रुंद कोन करून जुळतात, म्हणून फोकसच्या जरा पुढचं-मागचं टिंबही सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) पसरट डाग होऊन उमटतं.

पण ॲपर्चर एकटं काही ठरवत नाही. खानापूरकडे भातलावणी टिपताय, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, बाई २ मीटरवर. एफ १.८ ला सुमारे ११ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते: चेहरा आला, तर पुढे धरलेली रोपांची जुडी गेली. एफ ५.६ ला ही खोली ३५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, दोन्ही सापडतात. तेच १ मीटरवर जाऊन एफ १.८ ठेवलं, तर ३ सेंटिमीटरही उरत नाहीत. डोळा स्पष्ट, कान धूसर. अशा वेळी फोकस जवळच्या डोळ्यावरच हवा.

मागचं धूसर हवं आणि हाताशी १८-५५ मिमीची साधी झूम लेन्स आहे? ५५ वर जा, जवळ सरका आणि माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा. भिंतीला टेकलेल्या माणसामागे एफ १.८ चाही फारसा उपयोग नाही.

गणपतीच्या मंडपात दोन रांगा उभ्या असतील तर मागच्यांना पुढे सरकवा, ३ मीटरवरून पुढच्या रांगेवर फोकस करून एफ ८ ठेवा. मात्र एफ १.८ पेक्षा प्रकाश जवळजवळ २० पट कमी मिळतो. शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद ठेवू नका, माणसं हलतात. त्याऐवजी आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) वाढवा. थोडे दाणे चालतील, हललेले चेहरे नाहीत.

येळ्ळूरच्या राजहंसगडावरून बुरुजाचा दगड आणि खालचं शिवार दोन्ही हवं असेल तर १८ मिमी, एफ ८, फोकस २ मीटरवर. मग १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ २२ चा मोह टाळा. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश विखुरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो.

डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरवर, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीवर, विसंबू नका. त्यात लेन्स पूर्ण उघडी असतानाचंच चित्र दिसतं. डेप्थ प्रिव्ह्यूचं (निवडलेल्या ॲपर्चरला काय दिसेल ते दाखवणारं) बटण दाबून बघा, नसेल तर फोटो काढून स्क्रीनवर मोठा करून तपासा.