स्कुबा टँक भरताना तापमानाचा हिशोब कसा धरावा

मे महिन्यात सांगलीत २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेला पाणबुड्याच्या श्वासाच्या हवेचा टँक दुसऱ्या दिवशी तारकर्लीच्या किनाऱ्यावर १८५ दाखवतो, आणि पहिला संशय जातो व्हॉल्व्हवर, नाहीतर भरणाऱ्यावर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. हवा कुठं गेलेली नसते, ती थंड झालेली असते. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या बचाव पथकांनाही हा हिशोब यायला हवा.

आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे सांगलीत शाळेतलं पोरही सांगतं. तिथं एकच आकडा पुरतो. टँकच्या गेजचं, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याचं, तसं नाही. दाबाशेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट समजा.

भरायला देण्याआधी टँकच्या खांद्यावरचे शिक्के वाचा. कामाचा दाब आणि हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबानं घेतलेल्या मजबुतीच्या चाचणीची, तारीख तिथंच सापडते. युरोपीय मानकाच्या टँकवरचा दाब १५ अंश सेल्सिअसला धरलेला असतो. आपल्याकडे मेमध्ये सावलीतसुद्धा एवढा गारवा मिळत नाही, हे ध्यानात असू द्या. चाचणीची मुदत टळलेली असेल तर पुढचं सगळं थांबवा.

भरणं सावकाश व्हायला हवं. नवी हवा आत शिरताना आधीच्या हवेला दाबत जाते, त्यामुळे टँक तापतो. जितकी घाई, तितका ताप. मिनिटाला २० ते ४० बार हा वेग ठीक. काही जण टँक पाण्याच्या टबात ठेवून भरतात. बाहेरचा धातू त्यानं गार होतो, पण आतली हवा तेवढ्या लवकर निवत नाही. वर ओल्या व्हॉल्व्हमधून थेंबभर पाणी आत गेलं तर स्टीलचा टँक आतून गंजतो. मला ही उठाठेव पटत नाही. त्यापेक्षा दहा मिनिटं जास्त थांबावं. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा विचारही नको. त्याचा दाब तर अपुरा असतोच, पण ती तेलकट हवा श्वासात घेण्याजोगी नसते.

भरून झाल्यावर टँक सावलीत काही तास राहू द्या, रात्रभर ठेवला तर उत्तम. हाताला कोमटही लागत नाही, अशा वेळी गेज लावा आणि दाबासोबत हवेचं तापमान वहीत लिहा.

आता गणित. टँकचा आकार बदलत नाही, म्हणून आतला दाब केल्विन तापमानाच्या प्रमाणात चढतो-उतरतो. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्विन. समजा भरणं संपताना आतली हवा ५५ अंशांवर होती आणि गेज २०० होतं. हवा ३० अंशांवर आली की २०० गुणिले ३०३ भागिले ३२८, म्हणजे साधारण १८५ बार. पेन-कागद नसेल तर एका अंशाला ०.६ ते ०.७ बार धरा.

हे १५ बार किरकोळ नाहीत. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम टँकमध्ये ११.१ लिटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे १६५ लिटर हवेचा फरक पडला. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा डायव्हर १० मीटर खोलीवर ४० लिटर घेतो. त्याची चार मिनिटं गेली! म्हणून डायव्हचं नियोजन थंड गेजवरच्या आकड्यावरून करा. तो कमी वाटला तर टँक गार असताना पुन्हा थोडी हवा भरून घ्या. गरम टँक निवल्यावर नेमका किती उतरेल हे अनुभवी ऑपरेटर जाणतो आणि त्या बेतानं भरतो. आपण मात्र ‘जरा जास्तच भरा’ असा आग्रह धरू नये.

प्रवासात उलटं घडतं. बंद गाडी उन्हात तापून टँक ६० अंशांवर गेला तर ३० अंशांचे २०० बार २२० होतात. धडधाकट टँक याला पुरून उरतो, पण काही व्हॉल्व्हमध्ये जास्त दाबाला फुटणारी सुरक्षा चकती असते. ती जुनी असेल तर अशा वेळी दगा देऊ शकते. टँक आडवा, घट्ट बांधून, कापडाखाली न्या. घाट उतरताना तो गडगडायला नको.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या काही मिनिटांत काटा थोडा जास्तच घसरेल. पाणी हवेपेक्षा गार असतं, त्याचा हा परिणाम. गळतीची शंका असेल तर किनाऱ्यावर रेग्युलेटर (टँकची हवा श्वासाजोग्या दाबाला आणणारं साधन) जोडून व्हॉल्व्ह उघडा आणि टँकचं डोकं पाण्यात बुडवा. बुडबुड्यांची सलग रांग दिसली तर ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) बदलल्याशिवाय उतरू नका.