शाळेचे टॅब घरी देण्याआधी

लोकवर्गणीतून आलेले टॅब कपाटात कुलूपबंद ठेवायचे नसतील, तर ते कधी ना कधी दप्तरातून घरी जाणारच. शाळेच्या राउटरवर लावलेली बंधनं शाळेच्या भिंतीपर्यंतच चालतात. घरी गेल्यावर वडिलांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट असतं. आम्ही त्यासाठी व्हीपीएन लावलं, म्हणजे टॅबचं सगळं नेट जणू एका बोगद्यातून ठरावीक मशीनकडे नेणारी जोडणी. हे नाव काढलं की स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो सर, त्याने तर बंद साइटी उघडतात!” उघडतातच. बोगदा तोच असतो, फक्त त्याचं दुसरं तोंड कुठे निघतं ते बघायचं. ते आपल्या ताब्यातल्या मशीनवर निघालं, की टॅब कुठल्याही नेटवर असो, त्याला आपल्या दारावरूनच जावं लागतं.

मशीन, केबल वगैरे घेण्याआधी एक वही घ्या आणि कायकाय चालू ठेवायचं ते लिहून काढा. काय बंद करायचं त्याची यादी करायला बसू नका, ती जन्मात संपणार नाही. आमच्या वहीत आधी मोजून सात नावं होती: दीक्षा, ई-बालभारती, मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया आणि अशीच आणखी तीन. प्रत्यक्षात ती यादी चौपट झाली, कारण एक पान एकाच ठिकाणाहून येत नाही. विकिपीडियावर ‘वाघ’ उघडलं तर मजकूर सगळा आला, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. चौथीतली मुलगी म्हणाली, “सर, यात वाघच नाही.” विकिपीडियाची चित्रं अपलोड डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग या वेगळ्या पत्त्यावरून येतात, आणि तो माझ्या यादीत नव्हता. म्हणून त्या मशीनवर पाय-होलसारखा साइटची नावं गाळणारा प्रोग्राम आधी नुसता नोंद ठेवण्यापुरता चालू करा, एका टॅबवर प्रत्येक साइट, प्रत्येक इयत्तेचा एखादा धडा उघडा, आणि नोंदीत कुठले पत्ते येतात ते उतरवून घ्या. याला दोन-तीन संध्याकाळी जातात. बाकी सगळं काम एका रविवारी होतं. गुगलचा कनेक्टिव्हिटीचेक डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम हा पत्ताही यादीत टाका. तो अडवला तर नेट चालू असूनही टॅब ‘इंटरनेट नाही’ म्हणत राहतो. हे झाल्यावर मगच ‘सगळं बंद, यादीतलं चालू’ हा नियम लावा.

यूट्यूबचं काय करायचं ते शिक्षकांनी आधी एकत्र बसून ठरवा. दीक्षावरचे काही व्हिडिओ मुळात यूट्यूबवरचेच आहेत. ही गाळणी साइटचं नाव बघते, आतलं पान किंवा व्हिडिओ बघत नाही; त्यामुळे धड्याचा व्हिडिओ चालू आणि रील बंद असं तिला जमत नाही. सोडायचंच असेल तर यूट्यूबचं नाव रिस्ट्रिक्ट डॉट यूट्यूब डॉट कॉमकडे वळवता येतं, मग कडक प्रतिबंधित मोड लागतो. तोही सगळं पकडत नाही. आम्ही पाचवीपर्यंत यूट्यूब बंदच ठेवलं आहे, आणि त्यावरून दोन पालकांचा अजून राग आहे.

आता मशीन. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरतो, त्यावर पाय-होल आणि व्हीपीएन चालवणारा वायरगार्ड हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. पण खरेदीआधी राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे आणि बाहेरून टॅबला तुमच्या पायपर्यंत पोचता येणार नाही. मग जादा पैसे भरून स्थिर पत्ता मागा, नाहीतर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घ्या. आमच्याकडे लाइटचा भरवसा नसल्याने आम्ही दुसरी वाट धरली. लाइट गेली की शाळेतला पाय बंद, आणि त्याच्याबरोबर घरोघरचे सगळे टॅबही बंद. पत्ता नीट असेल तर राउटरवर ५१८२० हा यूडीपी पोर्ट (वायरगार्डचं दार) पायकडे वळवायचा, एवढंच.

टॅबमध्ये कुणाचंही गुगल खातं टाकण्याआधी तो फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम चुकला की सगळं परत करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ‘नेहमी चालू व्हीपीएन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा’ अशी दोन बटणं असतात, ती दोन्ही लावायची. पण सेटिंग उघडं असेल तर सहावीतलं पोरगंही ती पाच मिनिटांत काढतं. त्यामुळे टॅब आपल्या व्यवस्थापनाखाली घ्यायला हवा: रीसेटनंतर स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं, की क्यूआर वाचायची सोय उघडते, तिथे तुमच्या एमडीएमचा (टॅब दुरून सांभाळणाऱ्या सेवेचा) क्यूआर दाखवायचा. एमडीएमचा स्वतःचा पत्ता चालू यादीत आहे ना, ते दोनदा तपासा, नाहीतर आपणच दाराबाहेर. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, म्हणून दुसरं फुकटचं व्हीपीएन अ‍ॅप बसवून चालू करता आलं तर आपलं बाजूला पडतं. अ‍ॅप बसवणं बंद म्हणजे बंद. खासगी डीएनएसचं (साइटचे पत्ते आपल्या गाळणीऐवजी दुसरीकडे विचारण्याचं) सेटिंगही बंद करून तिथेच कुलूप लावा.

किल्ल्यांची चूक मी केली, तुम्ही करू नका. वायरगार्ड टॅबला एका गुप्त किल्लीवरून ओळखतं, आणि ती क्यूआरमध्ये असते. वायरगार्डचा एकच क्यूआर दहाही टॅबना दाखवून पंधरा मिनिटांत मोकळा झालो. खूश होतो. दुसऱ्या दिवशी एक टॅब चाले तर दुसरा अडके, तो चालू झाला की पहिला गप्प. दोघांची किल्ली एकच, त्यामुळे जो शेवटचा बोलला त्याच्याच पत्त्यावर सर्व्हर उत्तर पाठवत होता. प्रत्येक टॅबला वेगळी किल्ली द्या, मागे मार्करने क्रमांक घाला आणि सर्व्हरवरही तेच नाव ठेवा. टॅब हरवला तर तेवढी एक ओळ काढून टाकता येते.

पालकसभेत हे सगळं साध्या शब्दांत सांगून सह्या घ्या. नोंदीत कुठल्या टॅबवरून रात्री किती वाजता काय उघडलं ते दिसतं, आणि मुलांची माहिती हाताळण्याबद्दल २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. यादी पक्की झाली की पाय-होलमध्ये गोपनीयतेची पातळी वाढवून ठेवा, नावानिशी नोंद आपल्याला लागत नाही.

शेवटी एक टॅब स्वतःच्या घरी न्या, शाळेचं वायफाय नसताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावा, आणि तो आपल्याच घरातल्या सर्वांत उचापती पोराच्या हातात रात्रभर द्या. सुट्टीनंतर कपाटातून काढलेल्या टॅबची तारीखही बघा. घड्याळ मागे गेलेलं असेल तर वायरगार्ड जोडणी नाकारतं, आणि आपण उगाच सर्व्हरला शिव्या देत बसतो.