वेबसाइटमधली जुनी डिझाइनशैली कशी ओळखावी

नाशिकजवळच्या एखाद्या वायनरीची, येवल्यातल्या पैठणीच्या दुकानाची किंवा नेहमीच्या मिसळवाल्याची वेबसाइट उघडा. तिच्या मांडणीत शंभर वर्षांपूर्वीच्या पोस्टरच्या खुणा सापडू शकतात. त्या ओळखण्यासाठी पुढच्या क्रमाने बघा.

आधी रंग घालवा. स्क्रीनशॉट घेऊन तो फोनमध्येच कृष्णधवल करा, कारण रंगच सर्वांत जास्त फसवतो. लाल-काळं दिसलं की अनेकजण रशियन रचनावाद म्हणून मोकळे होतात. १९२० च्या दशकातल्या त्या शैलीची भक्कम खूण म्हणजे तिरप्या रेषा आणि कापून जोडलेले फोटो. रंग गेल्यावरही त्या दिसल्या, तरच ते नाव घ्या.

मग मजकुराची डावी कड पाहा. मथळे, परिच्छेद, फोटो एकाच उभ्या रेषेला टेकलेले, उजवी कड मोकळी, कोरी जागा भरपूर आणि नक्षी अजिबात नाही, तर ही स्विस शैली. ग्राफिक डिझायनर योझेफ म्युलर-ब्रोकमन यांची झुरिचमधली पोस्टरं आणि १९५७ चा हेल्वेटिका टाइप ही तिची ओळख. वेबला ती फार मानवली, कारण ग्रिडवर, म्हणजे आखलेल्या चौकटींवर, बसवलेले रकाने मोबाइलवर सहज एकाखाली एक घेता येतात.

आता अक्षरं. मराठी साइटसाठी मला हीच कसोटी सर्वांत मोलाची वाटते. बाऊहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला सुरू झाली. तिथल्या हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये फक्त लहान रोमन अक्षरांची वर्णमाला आखली. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नसल्याने ती खूण इथे उपयोगाची नाही. त्याऐवजी रेषेची जाडी पाहा. बोरूच्या वळणात रेष जाड-बारीक होत जाते. पॉपिन्ससारख्या फाँटमध्ये ती जवळपास एकसारखी राहते आणि गोलाई कंपासने काढल्यासारखी दिसते. भूमितीचा हा आग्रह बाऊहाउसच्या काळातला.

नक्षी शेवटी बघा. लांब, वेलीसारख्या रेषा आणि फुलांची चौकट म्हणजे आर नूवो; चित्रकार आल्फोन्स मुखा यांची १८९० च्या दशकातली पोस्टरं आठवा. सोनेरी किरणं, पायऱ्यांचे आकार, काटेकोर सममिती हे आर्ट डेको. त्या नावामागे १९२५ चं पॅरिसचं प्रदर्शन आहे. घरात जुना मुद्रांक कागद असेल तर तोही काढा. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये असे कागद छापले जातात. त्यांवरच्या गुंतलेल्या बारीक रेषा नक्कल अवघड व्हावी म्हणून असतात. पैशांच्या व्यवहाराच्या साइटवर तशीच जाळी दिसली, तर ती विश्वासाचा आभास देण्यासाठी घेतलेली असते.

निदान दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय शैलीचं नाव घेऊ नका. सरमिसळ असेल तर ‘मांडणी स्विस, नक्षी डेको’ असं सुटं सुटं लिहा. फाँटची खात्री करायची तर संगणकावर अक्षरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. फाँटचं नाव तिथे सापडतं.