वर्षानुवर्षं उभा असलेला जुना डिझेल ट्रक पुन्हा सुरू करताना

पाच-दहा वर्षं उभा राहिलेला जुना ट्रक मिळाला की पहिला हात बॅटरीकडे जातो. नव्या बॅटऱ्या जोडायच्या, स्टार्टर मारायचा आणि इंजिन उचलतंय का बघायचं. हा क्रम उलटा आहे. यांत्रिक पंपाचं जुनं डिझेल इंजिन बहुतेक वेळा सुरू होतंच, खरे प्रश्न त्यानंतरचे असतात. ते बंद होईल का? आणि ट्रक हलला तर थांबेल का? पहिलं उत्तर हातात आल्याशिवाय बॅटरी जोडू नये, दुसरं आल्याशिवाय ट्रक हलवू नये.

सुरुवातीला पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे काठी हलवून खात्री करून घ्या. हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका, त्याची केबल गंजून नुसती जागच्या जागी अडकलेली असू शकते. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, चॅसीखाली मजबूत स्टँड हवेत.

इंजिन बंद कसं होणार

इन-लाइन पंपात, म्हणजे सिलिंडरांना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपात, प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) असतो आणि त्या सगळ्यांना फिरवणारी एक दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. रॅक एका बाजूला गेली की डिझेल पूर्ण, दुसऱ्या बाजूला गेली की बंद. जुनं डिझेल वाळून डिंकासारखं होतं आणि रॅक चिकटते. त्यातली खरी भीती अशी की बंद इंजिनात गव्हर्नरची (इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग रॅकला बहुधा जास्त डिझेलच्या बाजूलाच ढकलून ठेवते. म्हणजे चिकटलेली रॅक नेमकी वाईट जागी चिकटलेली असते. असं इंजिन सुरू झालं तर काही सेकंदांत मर्यादेबाहेर पळतं, आणि मग कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पंपाच्या बाजूचं झाकण उघडा. स्टॉपचा लिव्हर हलवून रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी जाते का पाहा. सोडल्यावर ती स्प्रिंगने परत आली पाहिजे, बोटाने ढकलावी लागता कामा नये. अडत असेल तर गंज सोडवणारं पातळ तेल मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मऊ लाकडाच्या तुकड्याने टोकावर हलके ठोके द्या. हातोडी थेट मारलीत तर रॅक वाकते, आणि वाकलेली रॅक पंप खोलल्याशिवाय सरळ होत नाही. एखादा प्लंजर वर अडकून राहिला असेल तर त्याची स्प्रिंग दाबलेली आणि खालचा टॅपेट (कॅमवर टेकणारा तुकडा) कॅमपासून सुटलेला दिसतो. तो स्क्रूड्रायव्हरने जपून खाली बसवता येतो. न हलल्यास पंप बेंचवर न्या.

काही जुन्या पंपांना व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर असतो. त्यातला चामड्याचा पडदा वाळून तडकतो आणि पडदा फाटला की रॅक पूर्ण डिझेलवर जाते. तपासणी सोपी आहे. व्हॅक्यूमची नळी पडद्याच्या डबीपासून काढा, स्टॉपचा लिव्हर पूर्ण बंदवर न्या, डबीच्या उघड्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि लिव्हर सोडा. पडदा चांगला असेल तर रॅक थोडी सरकून थबकते. झटकन परत आली तर पडदा गेला.

डेट्रॉइट डिझेलच्या 71 मालिकेसारख्या टू-स्ट्रोक इंजिनांमध्ये वेगळा पंप नसतो. प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टरच पंपाचं काम करतो आणि सगळ्यांच्या रॅक एका नळीला जोडलेल्या असतात. एक इंजेक्टर अडकला की तो बाकी सगळ्यांना धरून ठेवतो. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढून एकेक रॅक हाताने हलवून पाहणं इथे टाळता येत नाही. ब्लोअरच्या (इंजिनात हवा ढकलणाऱ्या भागाच्या) तोंडावर आणीबाणीची झडप असेल तर ती स्प्रिंगने नीट मिटते का तेही पाहा. तिचा वापर मात्र आणीबाणीपुरताच. चालत्या इंजिनावर ती वारंवार ओढली तर ब्लोअरची सीलं जातात.

पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हवेच्या तोंडापेक्षा मोठी, रबर लावलेली जाड फळी घेऊन एक माणूस तिथे उभा करा. इंजिन पळालं तर तोंड फळीनेच बंद करायचं. हात लावायचा नाही, कापड तर अजिबात नाही, ते आत ओढलं जातं. टाकीचा कॉक बंद करून भागत नाही, कारण फिल्टर आणि नळ्यांमधलं डिझेल इंजिनाला बराच वेळ पुरतं.

तेलात बुडणारा जुना एअर क्लीनर पुन्हा बसवताना तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त झालं तर इंजिन तेच तेल ओढून जाळतं, आणि तेव्हा स्टॉपचा लिव्हर ओढूनही काही होत नाही.

हाताने फिरवून बघा

डिपस्टिकवर तेल कमी दिसलं तर ते भरता येतं, जास्त दिसलं तर थांबा. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरलेलं असतं. फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल खाली जातं, लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याची) रबर रिंग आखडली की पाणी. ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करा. पाणी जड असल्याने तेलाच्या आधी तेच ठिबकतं. पाणी निघालं तर इंजिन फिरवायचं नाही, आधी गळती शोधायची.

सगळी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 10 ते 15 मिली पातळ इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांतच प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो-मिटतो. मध्येच घट्ट अडलं तर जोर लावू नका, थोडं मागे फिरवून पुन्हा तेल सोडा. टॅपेट कव्हर काढून फिरवलंत तर गंजून उघडा राहिलेला व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतो. त्याच्या दांड्यावर तेल सोडून मऊ हातोडीने हलके ठोकले की तो सहसा सुटतो. पिस्टन मात्र तेव्हा वर नको.

नोझल न काढता स्टार्टर मारणं हा सगळ्यात महाग शॉर्टकट आहे. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि स्टार्टरची ताकद कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरते.

डिझेल आणि हवा

टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका. तळाशी पाणी आणि काळा बुळबुळीत गाळ असतो. टाकी धुवायला वेळ नसेल तर पहिल्या स्टार्टसाठी स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच बांधून नळी थेट फीड पंपाला जोडा. फिल्टर नवे घाला. फिल्टरच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून थंड करा. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं.

हवा काढताना टाकीकडून नोझलकडे जायचं, उलट नाही. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा. फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. नंतर पंपावरच्या स्क्रूला तेच. फीड पंपाच्या बाजूच्या छोट्या लिव्हरने प्रायमिंग होत असेल आणि लिव्हर ढिला लागत असेल, तर पंप बिघडला असं लगेच समजू नका. कॅम त्याच्या आतल्या दांड्याला वर धरून बसलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला जोर येतो.

बुडबुडे संपतच नसतील तर हवा ओढणाऱ्या बाजूने येतेय, म्हणजे टाकी ते फीड पंप या भागात. तिथे डिझेल गळत नाही, हवाच आत शिरते, म्हणून बाहेरून कोरडं दिसतं. तडकलेली रबरी नळी, बँजो बोल्टचं वॉशर आणि टाकीतला उभा पाइप ही तीन ठिकाणं आधी पाहा. उभा पाइप वरच्या टोकाला गंजून भोक पडलं असेल तर टाकी भरलेली असेपर्यंत ट्रक चालतो आणि अर्ध्यावर आली की बंद पडतो.

शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा ते एक फेरा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि प्रत्येक नटातून डिझेल उसळलं की तो आवळा. चालत्या इंजिनाच्या नोझलपाशी गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाचा फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण थेट दवाखाना गाठावा लागतो.

पहिला स्टार्ट

बॅटरी जोडताना आधी अर्थ कोणत्या बाजूला आहे ते पाहा, कारण काही जुन्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो. काही ट्रकांत दिवे 12 व्होल्टवर आणि स्टार्टर 24 व्होल्टवर असतो. दोन बॅटऱ्या स्टार्टपुरत्या सिरीजमध्ये आणणारा स्विच त्यात असतो, आणि तो चिकटला की दिवे उडतात.

स्टॉप ओढलेला ठेवून स्टार्टर 10-15 सेकंद मारा, मग दोन मिनिटं थांबा. ऑइलचा काटा हलेपर्यंत हेच करत राहा. काटा हलल्यावरच स्टॉप सोडायचा. सुरू झाल्यावर रेस न देता 10-15 सेकंदांत ऑइलचा दाब स्थिर झाला पाहिजे, नाहीतर बंद करा. सुरुवातीचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो आणि इंजिन गरम होताना कमी होतो. गरम झाल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. निळा धूर ऑइलचा. रिंगा चिकटलेल्या असतील तर थोडं चालल्यावर तो कमी होतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

ब्रेक: इथे घाई नको

एअर ब्रेक असेल तर टाक्यांचे ड्रेन उघडून पाणी आणि गंज काढा, मग हवा भरू द्या. बहुतेक यंत्रणांत 100 ते 125 पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे साधारण 7 ते 8.5 बारला, कॉम्प्रेसरची हवा कापली जाते. मग इंजिन बंद करून ब्रेक न दाबता एक मिनिट काटा पाहा. साध्या ट्रकमध्ये मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, ब्रेक दाबून धरल्यावर 3 पेक्षा जास्त नाही. गळती साबणाच्या फेसाने शोधा. पुढे ब्रेक वारंवार दाबून हवा खाली आणा. 60 पीएसआयच्या आसपास बझर वाजला पाहिजे किंवा जुन्या गाड्यांतला झेंडा ड्रायव्हरसमोर खाली पडला पाहिजे.

अमेरिकेत 1975 पासून लागू झालेल्या नियमाआधीच्या पुष्कळ ट्रकांत हवेचं एकच सर्किट असतं आणि मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारा ब्रेक) नसतो. अशा गाडीत एक नळी फुटली की सगळा ब्रेक जातो. सगळ्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय ती रस्त्यावर नेऊ नये, भले नळ्या बाहेरून धडधाकट दिसोत. उलट स्प्रिंग ब्रेकचा चेंबर असेल तर त्याचा पट्टा कधीही असाच खोलू नका. आतली स्प्रिंग बोल्टने बांधून घेतल्याशिवाय खोललेला चेंबर माणसाचा जीव घेतो.

हाताने लावायच्या स्लॅक ॲडजस्टरसाठी (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणाऱ्या लिव्हरसाठी) चाक उचलून स्प्रिंग ब्रेक सोडा, लॉक दाबून नट शू ड्रमला टेकेपर्यंत फिरवा आणि पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक दाबल्यावर दांडा आणि ॲडजस्टर यांच्यात साधारण काटकोन यायला हवा. कोन त्याच्या पुढे गेला तर तीच हवा कमी जोर देते, आणि ड्रम गरम होऊन फुगला की उतारावर पेडल दाबूनही काही होत नाही.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये नुसतं नवं तेल भरून चालत नाही. जुन्या तेलाने ओढलेल्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात. चारही चाकं उघडा आणि रबराचे सगळे कप नवे घाला.

रिम आणि चाकं

लॉक रिंगचं रिम, म्हणजे सुट्या लोखंडी रिंगने टायर अडकवून ठेवणारं रिम, हा जुन्या ट्रकचा सगळ्यात धोकादायक भाग आहे. चाक काढण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची. बसलेल्या टायरमध्ये गाडीवरच हवा भरू नका. रिम खोला, रिंग आणि तिची खाच गंजून झिजली आहे का पाहा आणि हवा पिंजऱ्यातच, लांब नळीने, बाजूला उभं राहून भरा. अनेक ट्रकांत डावीकडच्या चाकांचे आटे उलटे असतात. नट सुटत नसेल तर मोठा पाइप लावण्याआधी स्टडच्या टोकावरचं अक्षर वाचा.

गिअर टाकणं

उभ्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते आणि पेडल दाबूनही गिअर खरखरतो. इंजिन चांगलं गरम करून बंद करा, ब्रेक चालतोय याची खात्री झालेली असेल तरच मोकळ्या मैदानात खालचा गिअर टाकून क्लच दाबलेला ठेवा, स्टार्टरने चालू करा आणि ब्रेकने झटके द्या. बहुतेक प्लेटा सुटतात.

सिंक्रोमेश (गिअरांचे फेरे आपोआप जुळवणारी सोय) नसलेल्या गिअरबॉक्सला डबल क्लच लागतो. वर जाताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, फेरे पडेपर्यंत थांबायचं, पुन्हा क्लच आणि गिअर. किती थांबायचं ते गुणोत्तर ठरवतं. दोन गिअरांमधली पायरी 1.6 पट असेल तर 2400 फेऱ्यांवरून 1500 वर यायला हवं. खाली येताना उलट. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस देत फेरे तेवढेच वर न्यायचे आणि मग क्लच दाबून गिअर टाकायचा. रेस क्लच वर असतानाच द्यायची, नाहीतर बॉक्समधला शाफ्ट फिरतच नाही आणि सगळी धडपड वाया जाते. घाटाचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. उतारात न्यूट्रल झालेली जड गाडी पुन्हा गिअरमध्ये येत नाही.

पहिल्यांदा रस्त्यावर रिकामी गाडी न्या आणि दोन-तीन किलोमीटरवर थांबून प्रत्येक हबजवळ हाताच्या पंजाची मागची बाजू आणा, आधी न टेकवता. एकच ड्रम भाजतोय तर शू सुटत नाही किंवा बेअरिंगमध्ये ग्रीस नाही. एकच थंड आहे तर त्या चाकाला ब्रेकच लागत नाही. 50 ते 80 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा. बाहेरचा आणि आतला असे दोन नट असलेल्या जोडचाकात आधी बाहेरचा सैल करून आतला आवळा आणि मग बाहेरचा, एका वेळी एकाच स्टडचा.