तान्हा पोळ्याच्या डीव्हीडीचा मेनू आणि थरथरणाऱ्या शिरोरेषा

नागपुरात महाल भागातील आमच्या घरी तान्हा पोळा (लहान मुलांचा लाकडी बैलांचा सण) आणि मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक यांचे अनेक वर्षांचे चित्रीकरण साठले होते. आजीला ते रिमोटने सहज निवडून पाहता यावे, म्हणून डीव्हीडीस्टायलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी मेनूसह डीव्हीडी तयार केली. संगणकावर मेनू देखणा दिसत होता. आजीच्या खोलीतील जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर मात्र अक्षरांच्या शिरोरेषा सतत थरथरत होत्या आणि कडेची बटणे अर्धी कापली जात होती.

कारण असे की, पाल या टीव्हीच्या चित्रपद्धतीत ७२० बाय ५७६ पिक्सेलचे चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन फेऱ्यांत आलटूनपालटून उमटते. शिरोरेषा एकाच पिक्सेलची असेल, तर ती एकाच फेरीत, म्हणजे सेकंदाला केवळ २५ वेळा दिसते आणि डोळ्यांना लुकलुकते. देवनागरीत जवळजवळ प्रत्येक अक्षरावर आडवी रेघ असल्यामुळे हा त्रास फारच जाणवतो. मी ठळक फाँट घेऊन शिरोरेषा ३ पिक्सेलची केली, आणि पार्श्वभूमीवरच्या लाकडी बैलाच्या झुलीची बारीक जरही त्याच कारणाने चमचमत असल्यामुळे ते छायाचित्र किंचित धूसर केले. असे जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात, म्हणून बटणे चारही कडांपासून १० टक्के आत घेतली.

निवडलेले बटण उठून दिसण्यासाठी डीव्हीडीत पारदर्शकतेसह ४ च रंग मिळतात; त्यामुळे छटांचा मोह सोडून जाड पिवळी चौकट ठेवली, आणि तीच मला अधिक सुबक वाटते. असे बदल आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर, प्रत्यक्ष टीव्हीवरच तपासून घ्यावेत.