पिस्टनची रायफल सारखी अडते? एसकेएस ठेवणाऱ्यांनो, या चुका टाळा

पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट हाताने मागे ओढला, रिकामी पुंगळी पायाशी पडली, नवी गोळी आत गेली. तीही सुटली आणि पुन्हा तेच. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी स्वतःच भरणारी, म्हणून घेतलेली रायफल मी रेंजवर दोन तास हाताने चालवली आणि विकून टाकायची असं ठरवूनच घरी आलो.

रायफल होती एसकेएस, म्हणजे मूळची सोव्हिएत लष्करी रायफल, तिचं युगोस्लाव्ह बनावटीचं मॉडेल एम५९/६६. ह्यूस्टनमध्ये आमच्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांत एसकेएस आहे. कुणी रेंजवर नेमबाजीसाठी घेतली, कुणाला जुन्या लष्करी वस्तूंचं वेड. भारतात सामान्य नागरिकाला सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा परवाना सहसा मिळत नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांची हे हत्यार हाताळायची पहिलीच वेळ. चुकाही सगळ्यांनी जवळपास सारख्याच केल्या.

त्या रात्री दौंडला मामांना फोन केला. मामा राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेत, नोकरीची बरीच वर्षं एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) त्यांच्या खांद्यावर होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गॅस बघितलास का?"

"मामा, तुमची एसएलआर वेगळी, ही वेगळी."

"पिस्टन आहे ना तिला? मग आधी गॅस बघ. बंदुकीला नावं नंतर ठेव."

गॅसचा रस्ता समजून न घेणं

सोव्हिएत शस्त्ररचनाकार सिमोनोव्हने १९४५ मध्ये आखलेली ही रायफल ७.६२×३९ मिमीची गोळी वापरते. गोळी बॅरलमधून पुढे जाताना मागच्या गॅसचा थोडा भाग बॅरलच्या वरच्या बारीक भोकातून गॅस ट्यूबमध्ये शिरतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टन थोडासाच सरकतो, मागच्या पुशरॉडला एक टोला देतो आणि परत येतो. त्या टोल्याच्या जोरावर बोल्टला वाहून नेणारा बोल्ट कॅरियर मागे जातो, बोल्ट उघडतो, पुंगळी बाहेर फेकतो, स्प्रिंग दाबतो आणि परत येताना पुढची गोळी उचलतो. सगळं काम त्या एका टोल्यावर चालतं. टोला हलका पडला की बोल्ट अर्ध्या वाटेतून परततो आणि आपण म्हणतो, रायफल अडली.

एम५९/६६ मध्ये या रस्त्यावर आणखी एक फाटक आहे. या मॉडेलच्या बॅरलच्या टोकाला २२ मिमीचा ग्रेनेड लाँचर असतो. ग्रेनेड फेकताना सगळा गॅस पुढे लागतो, म्हणून पिस्टनकडे जाणारा गॅस बंद करायचा एक व्हॉल्व्ह दिलेला असतो. ग्रेनेडचा नेम धरायची घडीची साइट उभी करायची तर आधी हा व्हॉल्व्ह बंद करावाच लागतो. साइट परत खाली पाडली म्हणून तो आपोआप उघडत नाही, हाताने उघडावा लागतो. मी आदल्या रात्री मित्राला हौसेने साइट उभी करून दाखवली होती. झालं होतं ते एवढंच. रायफल अगदी तिला सांगितल्याप्रमाणे वागत होती.

तेव्हापासून रेंजवर गेल्यावर आधी बोल्ट मागे, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना ते डोळ्याने आणि बोटाने बघायचं, आणि मग व्हॉल्व्हवर बोट ठेवायचं, हा माझा क्रम आहे.

व्हॉल्व्ह उघडा असूनही टोला हलका पडत असेल तर तो बाहेर काढून उजेडात बघा. जुन्या, क्षारवाल्या दारूगोळ्याने या व्हॉल्व्हला गंजाचे खड्डे पडतात आणि गॅस पिस्टनकडे जायच्या आधीच इकडेतिकडे निसटतो. आमच्यातल्या एका वहिनींच्या रायफलीचा व्हॉल्व्ह वरून चकचकीत होता, पण आतल्या बाजूला वाळवी लागलेल्या लाकडासारखा झालेला. नवा बदली व्हॉल्व्ह बाजारात मिळतो. तो बसवल्यापासून ती रायफल अडलेली नाही.

टोला पुरेसा आहे की नाही हे ओळखायची सोपी चाचणी आहे. मॅगझीनमध्ये एकच गोळी भरा आणि झाडा. एसकेएसमध्ये शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागेच अडकून राहायला हवा. तो पुढे येऊन बंद झाला, तर बहुतेक वेळा तो पुरता मागे गेलाच नव्हता. पुंगळी कुठे पडते तेही बघा. चांगली चालणारी एसकेएस पुंगळी जोरात लांब भिरकावते, ती पायाशी पडत असेल तर जोर कुठेतरी हरवतोय.

"पिस्टन आहे, साफसफाईची गरज नाही"

हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की तळमळ होते. गॅस थेट बोल्टमध्ये सोडणाऱ्या रायफलींच्या तुलनेत पिस्टनवाल्या रायफलीचा बोल्ट स्वच्छ राहतो, हे खरं आहे. पण काजळी हवेत विरत नाही. ती पिस्टनच्या तोंडावर आणि गॅस ट्यूबच्या भिंतीवर साचते. पिस्टन काढून हातात धरा आणि ट्यूबमध्ये सोडा. ट्यूब तिरकी केली की तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडखळला तर काजळी आहे.

काजळी काढायला पितळी ब्रश वापरा. पॉलिश पेपर लावू नका. पिस्टन घासून बारीक केलात तर त्याच्या कडेने गॅस निसटेल आणि मूळ दुखणं वाढेल. ट्यूबमध्ये तेलही भरू नका. तेथे तेल जळून त्याचीच काजळी होते, ती जागा कोरडीच बरी. तेल लागतं ते बोल्ट कॅरियर जिथे घासतो तिथे, आणि तेही बोटाला लागेल एवढंच.

गॅस ट्यूब काढताना एक सांभाळा. मागच्या साइटशेजारची लिव्हर गरजेपेक्षा जास्त फिरवली, की आतला पुशरॉड स्प्रिंगच्या जोराने बाहेर उडतो. चेहरा बाजूला ठेवा आणि अंगठा पुढे धरा. एका मित्राची स्प्रिंग गॅरेजमध्ये गडप झाली आणि त्याने तिच्याशिवायच रायफल जोडली. मग महिनाभर दारूगोळा खराब म्हणत बसला.

नुसतं तेल लावून गंज थांबेल असं समजणं

या चुकीने सर्वात जास्त रायफली वाया गेल्या असतील, म्हणून थोडं सविस्तर.

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या लष्करी गोळ्यांच्या, विशेषतः युगोस्लाव्ह गोळ्यांच्या, प्रायमरमध्ये (बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. गोळी सुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते बॅरलमध्ये, बॅरलच्या भोकावर बसलेल्या गॅस ब्लॉकमध्ये, पिस्टनवर, बोल्टच्या तोंडावर बसतं. रत्नागिरीत आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं, आई बरणीत तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. ह्यूस्टनची हवा बाराही महिने तशीच. बॅरलमधल्या मिठाला असंच पाणी सुटतं आणि पोलाद खायला लागतं. रात्री ठेवलेल्या रायफलीवर सकाळी तांबूस ठिपके मी स्वतः बघितले आहेत.

मीठ तेलात विरघळत नाही. वरून तेल लावलं की ते खाली तसंच बसून राहतं. त्याला पाणीच हवं. म्हणून अशा गोळ्या झाडल्या की त्याच दिवशी बॅरल, गॅस ट्यूब, पिस्टन, गॅस ब्लॉक आणि बोल्ट कढत पाण्याने धुवा. लाकडी दस्त्यात पाणी जाऊ देऊ नका. पाणी कढत असलं की लोखंड तापतं आणि लवकर वाळतं. मग कोरड्या चिंध्या, एक नाही, चिंधी पांढरी निघेपर्यंत. आणि त्यानंतर तेल. काही जण काच पुसायचं अमोनियावालं द्रावण वापरतात. काम त्यातलं पाणीच करतं, मग नळाचं पाणी काय वाईट?

युगोस्लाव्ह एसकेएसच्या बॅरलला आतून क्रोमचा मुलामा नसतो. बहुतेक रशियन आणि बऱ्याचशा चिनी रायफलींना तो असतो. पण क्रोम बॅरलच्या आत. गॅस ब्लॉक आणि पिस्टन त्यांचेही गंजतातच. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुलथ्रू मारल्याशिवाय, बॅरलमधून चिंधीची दोरी ओढल्याशिवाय, आम्ही जेवायला बसत नव्हतो." मी जेवायला बसतो, पण झोपत नाही.

कॉस्मोलिन वरवर पुसणं

इथे मात्र जिवाशी खेळ आहे. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या या रायफली कॉस्मोलिन नावाच्या घट्ट, मधाच्या रंगाच्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. बाहेरून पुसली की रायफल नवीकोरी दिसते. आतलं ग्रीस तसंच राहतं, आणि सर्वात वाईट जागा म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनची, बोल्टमधली नळी.

एसकेएसची फायरिंग पिन साधारणतः मोकळी असते, मागे खेचून धरणारी स्प्रिंग तिला नसते. ग्रीस घट्ट होऊन पिन पुढे चिकटली, तर बोल्ट बंद होतानाच ती प्रायमरवर आदळते. चापाला हात न लावता गोळी सुटते, आणि एकामागून एक मॅगझीन रिकामं होईपर्यंत सुटत राहू शकते. म्हणून नवी आणलेली रायफल रेंजवर न्यायच्या आधी बोल्ट पूर्ण सोडवा. पिन कशी बसली होती त्याचा फोटो काढून ठेवा. लोखंडी भाग उकळत्या पाण्यात टाका, ग्रीस वितळून वर तरंगतं. नळी मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) धुवा, आतून ब्रश फिरवा. जोडल्यावर बोल्ट कानाजवळ धरून हलवा. पिनचा खुळखुळ आवाज आलाच पाहिजे. आवाज नाही, तर रायफल कपाटातच राहू दे. पहिल्या दिवशी आधी एक गोळी, मग दोन, आणि सगळं ठीक दिसलं तरच दहा.

चेंबरमध्ये उरलेलं ग्रीसही त्रास देतं. दोन-चार गोळ्यांनी चेंबर तापलं की ते चिकट होतं आणि पोलादी पुंगळी आत धरून ठेवतं. लोक गोळ्यांना दोष देतात. चेंबरचा ब्रश फिरवला की बहुतेकदा प्रश्न मिटतो.

मॅगझीन बदलायची घाई

मूळचं दहा गोळ्यांचं, रायफलीलाच जोडलेलं मॅगझीन काढून बाजारातलं सुटं, जास्त गोळ्यांचं मॅगझीन लावायचा मोह अनेकांना होतो. बदकाच्या चोचीसारखं पुढे आलेलं ते मॅगझीन गोळी नेमक्या कोनात वर देत नाही आणि रायफल दर दोन गोळ्यांनी अडते. मूळचं परत बसवा. कायद्याचाही प्रश्न आहे. आयात केलेल्या रायफलींचे भाग बदलण्यावर अमेरिकेत फेडरल बंधनं आहेत, आणि कॅलिफोर्नियात सुट्या मॅगझीनची एसकेएस असॉल्ट वेपनमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या हत्यारांत, धरली जाते.

दोन रायफलींचे भाग एकत्र धुणं

बोल्टवरचा आणि तो ज्यात बसतो त्या रिसीव्हरवरचा क्रमांक जुळतो का बघा. मित्र मिळून साफसफाईला बसले आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या रायफलीत गेला, तर तो बसेल, चालेलही, पण चेंबर आणि बोल्टमधलं अंतर चुकलेलं असू शकतं. त्याने पुंगळी फाटते. ते अंतर मोजायचं गेज गनस्मिथकडे, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे, असतं.

एम१ गॅरंड (अमेरिकन लष्कराची जुनी रायफल) ठेवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. गॅसचा धक्का बोल्टपर्यंत नेणारी तिची लांब ऑपरेटिंग रॉड आहे, तिला तेलापेक्षा ग्रीस मानवतं. शिकारीच्या जड, जोरदार .३०-०६ गोळ्या तिच्यात सर्रास वापरल्या तर रॉड वाकते. जुन्या लष्करी एम२ बॉल गोळ्यांच्या तोडीच्याच गोळ्या वापरा.

आणि रायफल रेंजवर अडली की एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळ्या, तेल आणि स्प्रिंग एकदम बदललीत तर दुखणं कशाचं होतं ते कधीच कळणार नाही. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर बॅरल निशाण्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का बघा. आत गोळीचं शिसं अडकलेलं दिसलं तर रायफल तशीच पिशवीत घाला आणि सोमवारी गनस्मिथकडे न्या.