क्रेडिट्स खात्यात आहेत, पण कॉलेज घेत नाही? या चुका टाळा

जून-जुलैत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजांच्या ॲडमिशन खिडकीवर एक प्रश्न हमखास कानावर येतो: "मॅडम, डिजिलॉकरमध्ये क्रेडिट्स दिसतायत की, मग दुसऱ्या वर्षाला का घेत नाही?" विचारणारा मुक्त विद्यापीठातून बीकॉमचं पहिलं वर्ष करून आलेला असतो, नाहीतर एखाद्या कम्युनिटी कॉलेजातला वर्षाचा डिप्लोमा हातात घेऊन. क्रेडिट्स, म्हणजे केलेल्या अभ्यासाचं तासांवर मोजलेलं माप, खरेच असतात. पण ते घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर किती, हे जिथे जायचंय ते विद्यापीठ ठरवतं. आणि तिथे आधी जाऊन कोणी विचारलेलं नसतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्रेडिट्सची ऑनलाइन खाती, २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून 'क्रेडिट जमा म्हणजे ॲडमिशन पक्की' असा समज पसरलाय. बँक फक्त नोंद ठेवते. तिचे नियमही फारसे कोणी वाचत नाही. क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं चालतात, एकदा एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात, आणि ज्या संस्थेची पदवी हवी तिथूनच किमान निम्मे क्रेडिट्स मिळवावे लागतात. म्हणजे १२० क्रेडिट्सची पदवी असेल तर ६० तिथलेच. 'दोन वर्षं स्वस्तात कुठेतरी काढू, शेवटचं वर्ष मोठ्या नावाच्या कॉलेजात' हा हिशेब इथेच बोंबलतो.

दुसरी अडचण दिसायला किरकोळ, पण वेळ सगळ्यात जास्त तीच खाते: नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, कुठे वडिलांचं पूर्ण नाव तर कुठे नुसतं एक अक्षर. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत आधार सासरच्या नावाने आणि मार्कशीट माहेरच्या. खातं उघडतं, पण निकाल त्याला जोडला जात नाही. त्यात आणखी एक भर. गावाकडच्या बऱ्याच मुलांचं डिजिलॉकर सायबर कॅफेवाल्याने त्याच्याच मोबाइल नंबरवर उघडून दिलेलं असतं. दोन वर्षांनी ओटीपी जातो त्याच्याकडे, आणि तोवर दुकानाच्या जागी चहाची टपरी आलेली असते. प्रवेशाची गडबड सुरू व्हायच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच स्वतःच्या नंबरने लॉगिन करून बघा. क्रेडिट खात्याचा १२ आकडी आयडी लिहून ठेवा, नावात फरक असेल तर आधार दुरुस्तीला तेव्हाच टाका.

खात्यात क्रेडिट्स दिसतच नसतील तर सायबर कॅफेत पैसे घालवू नका. विद्यार्थ्याला स्वतः क्रेडिट्स भरता येत नाहीत, ते काम संस्थेचं. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), सेमिस्टर आणि मार्कशीटची झेरॉक्स जोडून परीक्षा विभागाला अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

आता सिलॅबस. यावर कोणी बोलत नाही, आणि अर्ज अडकतात ते इथेच. समकक्षता, म्हणजे तुमचा पेपर त्यांच्या पेपरच्या तोडीचा आहे का, हे ठरवताना विषयाचं नाव बघून भागत नाही. आत काय शिकवलं, किती क्रेडिटचं, कुठल्या सेमिस्टरला, हे सगळं ताडून बघतात. २०२३ च्या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रातल्या पदवीत मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा बाहेरचा विषय), कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे वेगवेगळे गट झालेत. समजा तुम्ही कौशल्य गटात टॅलीचा दोन क्रेडिटचा पेपर केलात. नव्या कॉलेजात मेजरमध्ये अकाउंटिंगचा चार क्रेडिटचा पेपर आहे. विषय जवळचा वाटला तरी ते दोन क्रेडिट्स त्या चारांत धरले जातील असं गृहीत धरू नका. म्हणून ४४ क्रेडिट्स घेऊन गेलेल्या मुलाचे तीसच मान्य झाले आणि उरलेले पेपर मागच्या वर्गाचे म्हणून गळ्यात पडले, असं होऊ शकतं. उपाय साधा आहे. ज्या वर्षी शिकलात त्या वर्षाचा सिलॅबस, विद्यापीठाच्या वेबसाइटवर आहे तोवर, डाउनलोड करून ठेवा. अर्जासोबत एक तक्ता जोडा: डावीकडे तुमचा पेपर, उजवीकडे त्यांचा, मध्ये क्रेडिट्स. तक्ता असला की समकक्षता ठरवणाऱ्या समितीचं काम सोपं होतं आणि तुमचंही.

पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी हेही बघावं: ४० ते ४४ क्रेडिट्सशिवाय चार जादा क्रेडिट्सचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. ती न करता नुसतं कॉलेज सोडलं तर सर्टिफिकेट मिळत नाही.

पॉलिटेक्निकवाल्यांचा गोंधळ वेगळाच. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणं म्हणजे क्रेडिट ट्रान्सफर नव्हे. तिथे डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं आणि सीईटी सेलचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाचे, राउंड असतात. अर्जाची मुदत उलटल्यावर क्रेडिट्सचा कागद घेऊन कॉलेजात खेटे घालून उपयोग नाही.

"आमचा विद्यापीठाशी टायअप आहे" असं पत्रकावर छापणाऱ्या संस्थांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कराराची प्रत मागा. कुठला कोर्स, किती क्रेडिट्स, कुठल्या वर्षापर्यंत वैध, एवढं तरी त्यात हवंच. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट्स, एका क्रेडिटला ३० तास. तीन महिने, आठवड्याला चार तास, म्हणजे वर्गातले जेमतेम ५० तास. एवढ्यावर 'पदवीचं एक वर्ष वाचतं' असं कोणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमार्गे जायचा विचार असेल तर कॅलिफोर्नियाची असिस्ट ही वेबसाइट बघा. कम्युनिटी कॉलेजातला कुठला विषय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात किंवा कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत कशाच्या जागी धरतात, ते तिथे विषयवार दिलेलं असतं. आपल्याकडे असं एका जागी मिळालं तर निम्मे हेलपाटे वाचतील. पण तिथेही मर्यादा आहेच. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया पदवीसाठी कम्युनिटी कॉलेजचे ७० सेमिस्टर युनिट्सच (म्हणजे तिथले क्रेडिट्स) धरते.

नकार आला तर तोंडी ऐकून परत फिरू नका. कुठला पेपर, कोणत्या कारणाने नाकारला, हे लेखी मागा. एखाद-दुसऱ्याच पेपरवर अडलं असेल तर तेवढा जादा देऊन प्रवेश मिळतो का, हे त्याच अर्जात विचारा. आणि उत्तर येईपर्यंत जुन्या ठिकाणाहून टीसी किंवा मायग्रेशन सर्टिफिकेट काढू नका.